तांबेऱ्याला पुरून उरलेलं झाड

शंकू चिरायचं आमचं यंत्र म्हणजे सुपारीच्या अडकित्त्याचा थोरला भाऊ. शुगर पाइन हे सूचिपर्णी झाड, आणि शंकू म्हणजे त्याचं बिया धरणारं बोंड. हा शंकू हातभर लांब, हिरवा असताना चांगला वजनदार, वरून डिंकाने बरबटलेला. तो उभा चिरायचा, कापावर भरलेल्या बिया किती दिसतात ते मोजायचं, मग एकेक बी कापून भिंगातून आतला गर्भ बघायचा. पोकळीचा पाऊण भाग त्याने भरला असेल, तर बी तयार.

2015चा सप्टेंबर होता. कॅलिफोर्नियात दुष्काळाचं चौथं वर्ष. सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावर, पॉन्डेरोसा पाइन, व्हाइट फर आणि इन्सेन्स सीडरच्या गर्दीत शुगर पाइनचं आमचं एक क्रमांक ठोकलेलं झाड होतं. बियांसाठी राखलेलं.

राखलेलं, कारण त्याला तांबेरा लागत नाही. गव्हावरचा तांबेरा मी लहानपणी शेतात पाहिलाय, पायजम्याला लागायचा. पाइनचा तांबेरा त्याच्याच जातकुळीतली बुरशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरून अमेरिकेत आली. तिला दोन घरं लागतात, एक झुबक्यात पाच सुया, म्हणजे सुईसारखी पानं, असणारं पाइन (शुगर पाइन त्यातलंच) आणि दुसरं करंट-गूजबेरीचं झुडूप. म्हणून 1930च्या दशकात माणसं लावून डोंगरच्या डोंगर झुडपं उपटली. फारसा उपयोग झाला नाही. 1970च्या सुमारास कळलं की मोजक्या शुगर पाइनमध्ये एक जनुक असतं, ते असलं की बुरशी आत शिरूनही पसरत नाही. आमच्या झाडाची रोपं त्या झुडपांच्या रोगट पानांखाली ठेवून पारखली होती. साधारण निम्मी टिकली, म्हणजे झाडात ते जनुक होतं.

आमचा चढणारा गडी दोर लावून वर गेला. शंकू फांद्यांच्या अगदी टोकाला लटकतात, आकड्याने ओढून घ्यावे लागतात. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला, "वरच्या सुया फिक्या पडल्यात रे. खोड बघ जरा."

मी खोडाला फेरी मारली. उन्हाकडच्या बाजूला सालीवर डिंकाचे गुलाबी फुटवे, लाह्या चिकटवाव्यात तसे. सालीच्या खाचांत तांबूस भुसा. भुंगेरा! तांदळाच्या दाण्याएवढा किडा. झाडाच्या अंगात पाणी असतं तेव्हा ते त्याला डिंकातच बुडवून मारतं. इथे फुटवे होते, पण बरेचसे कोरडे. शंभर वर्षांच्या रोगाला पुरून उरलेलं झाड साध्या तहानेनं चाललं होतं. मला खरं सांगायचं तर राग आला, कोणावर ते कळेना.

गर्भ जेमतेम पाऊण भरला होता. एरवी मी आठवडाभर थांबायला सांगितलं असतं. वर म्हटलं, "सगळे काढ."

"सगळे?"

"हो, सगळे."

एरवी पाखरांसाठी आणि खारींसाठी काही शंकू सोडतो. त्या दिवशी सोडले नाहीत. पोती भरली, प्रत्येकात एक आणि बाहेर एक अशी झाडाच्या क्रमांकाची चिठ्ठी लावली. डिंक हाताला असा बसला की साबणाने हलेना. डब्यातलं खोबरेल चोळलं तेव्हा निघाला.

निघताना बुंध्याशी चार शंकू दिसले, ओलसर, देठाशी ताजे कुरतडलेले. खारीने पाडून ठेवलेले तिचे. मी तेही पोत्यात टाकले. वरून तिची जी कटकट सुरू झाली, ती आमची गाडी सुरू होईपर्यंत थांबली नाही.