सप्टेंबरमधलं अलास्का

अलास्का क्रूझला बरेच जण जुलैमध्ये जातात, आम्ही मुद्दाम सप्टेंबरचा पहिला आठवडा धरला आणि फार बरं केलं. गर्दी कमी, तिकीट जरा स्वस्त, पाऊस मात्र भरपूर, त्यामुळे चांगलं रेनजॅकेट घ्याच, छत्री वाऱ्यात टिकत नाही.

ग्लेशियर बे म्हणजे हिमनद्यांची खाडी, तिथे पोचलो त्या दिवशी पहाटे ५ लाच आईला उठवलं, स्वेटरवर शाल, कानटोपी, हातात चहाचा मग अशी ती डेकवर रेलिंगला धरून उभी राहिली ती दुपारपर्यंत हललीच नाही. मार्जरी ग्लेशियरसमोर जहाज थांबलं. बर्फ पांढरा नाही हो, आतून चक्क निळा, कारण दाबाने हवेचे बुडबुडे निघून जातात आणि लाल रंग बर्फातच शोषला जातो. मग एक कडा सुटला, आधी तो पाण्यात पडताना दिसला आणि आवाज नंतर आला, ढगांच्या गडगडाटासारखा, आईने माझा हात घट्ट धरला. १७९४ साली ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फच होता, आता तो १०० किमीच्या वर मागे सरकलाय, हे ऐकून पोटात कसंतरी झालं.

अलास्काची राजधानी जुनो, तिथे हंपबॅक व्हेल दिसले. हिवाळ्यात त्यातले बरेचसे हवाईला जातात, तिथे फारसं खात नाहीत म्हणून आत्ता पोटभर खाऊन घेतात. एकाची शेपटी वर आली, त्यावरून पाणी निथळत होतं, आई हळूच म्हणाली, "केवढा गं हा!"