मन्याजवळ कोण थांबणार?

सोलापूरला लग्नाला जायचंय आणि आमच्या मधुमेही बोक्याला, मन्याला, दर १२ तासांनी इन्सुलिन लागतं. त्यात परका हात दिसला की बोचकारतोच. बोर्डिंगवाल्यांनी ऐकूनच नाही म्हटलं, जीव तुटला. शेवटी इंदिरानगरच्या दवाखान्यातला मदतनीस दादा घरी यायला तयार झाला.

आज त्याने मन्या वाटीत तोंड घालून खात असतानाच कुशीची कातडी चिमटीत उचलून सुई दिली. मन्या फिस्कारला, शेपूट आपटली आणि पुन्हा खायला लागला. किती हलका हात!

दादाला परत परत बजावलंय, जेवला नाही तर इंजेक्शन द्यायचं नाही, आधी डॉक्टरांना फोन. साखर उतरून झोकांड्या खायला लागला तर हिरड्यांना मध चोळून थेट दवाखाना. इन्सुलिनची बाटली यू-४० ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट), सिरिंजही त्याच मापाची, यू-४० चीच. किल्ली त्याला दिलीय.