तिसऱ्या दिवशीही न हललेली टाकी

दक्षिण चिलीतल्या इताता खोऱ्यात एका कुटुंबाच्या वायनरीत मी एका हंगामापुरते काम केले. तिथल्या ‘पाईस’ जातीच्या द्राक्षाच्या काही वेली दोनशे वर्षांच्या असल्याचे घरची मंडळी सांगतात. त्यांना मांडव नाही, तार नाही. मांडीएवढ्या जाड, पिळवटलेल्या खोडावर त्या झुडपासारख्या उभ्या असतात आणि त्याही स्वतःच्याच मुळांवर, कारण द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारी फिलॉक्सेरा कीड चिलीत पोहोचलेली नाही. डॉगरिज या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर कलमे बांधताना पाहत निफाडकडे वाढलेल्या मला त्या खोडांना हात लावतानाही आधी संकोच वाटला होता.

एप्रिलमधल्या त्या सकाळी राउली या तिथल्या झाडाच्या लाकडाच्या उघड्या टाकीतला रस तिसऱ्या दिवशीही स्वस्थ होता. रसाची घनता दाखवणारा हायड्रोमीटर १.०९२ वरून हलत नव्हता (साखरेची दारू होऊ लागली की हा आकडा उतरतो) आणि रात्री गारठल्यामुळे तापमान १३ अंशांवर आले होते. नैसर्गिक वाइनमध्ये पाकिटातले यीस्ट घालत नाहीत. सालींवर आणि वायनरीत जे असते, त्यानेच किण्वन, म्हणजे रस आंबणे, सुरू व्हावे लागते, आणि ते सुरू होऊन कार्बन डायऑक्साइडचे आवरण तयार होईपर्यंत रस हवेला उघडा असतो. टाकीच्या कडेला नेलपॉलिशसारखा, रस बिघडू लागल्याची खूण असलेला पुसट वास आला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

जंतू रोखणारे मेटाबायसल्फाइट आणि तयार यीस्ट घालावे, असे मी सुचवले. नाशिकला मी तेच शिकलो होतो. म्हाताऱ्या मालकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मला उतारावरच्या बागेतल्या द्राक्षांच्या टाकीकडे नेले. “कान लावा,” एवढेच ते म्हणाले. आत तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी बारीक चरचर चालू होती.

मग दिवसभर आम्ही तो आंबू लागलेला रस बादल्यांनी आणून थंड टाकीत मिसळला, गरम पाण्याचे बंद डबे त्यात सोडले आणि वर तरंगणाऱ्या साली हातांनी दाबत राहिलो. त्यांच्या सुनेने दुपारची तोडणी थांबवली नाही. कोलिवे या बांबूच्या काड्यांच्या चाळणीवर, जिला ते ‘सारांदा’ म्हणतात, घड चोळून मणी खाली पाडण्याचे आणि देठ वर ठेवण्याचे काम ती मजुरांसोबत करत होती. मला मात्र त्या एका टाकीपलीकडे काही दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हायड्रोमीटर १.०८८ वर होता. वास गेलेला होता, आणि मालक माझ्या आधीच कान लावून उभे होते.