तुम्ही विचारलंत म्हणून: डिग्री नसताना इंग्लंडमध्ये वकील कशी झाले

"अगं पण तुझ्याकडे डिग्री नाही ना, मग वकील कशी झालीस?" हे मला दर गणपतीत कोणीतरी विचारतंच. परवा तर एका काकूंनी सरळ त्यांच्या भाचीच्याच हातात फोन दिला, बारावी झालीये, लग्न करून इकडे आलीये, घरी बसून कंटाळलीये, तिला जरा सांग म्हणाल्या. तिला जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट क्लिअर करते, हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. आपल्याकडे लॉची डिग्री नसेल तर सनद मिळतच नाही, त्यामुळे माझ्या घरच्यांना हे बरीच वर्षं खरंच वाटलं नव्हतं. इथे मात्र सॉलिसिटरच्या, म्हणजे इथल्या एका प्रकारच्या वकिलाच्या, ऑफिसात काम करता करता कायदा शिकलेल्या लोकांची जुनी परंपरा आहे. मॅनेजिंग क्लार्क म्हणायचे त्यांना, मग १९६३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टिट्यूट ऑफ लीगल एक्झिक्युटिव्ज निघाली आणि २०१२ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाला, आता सगळे सायलेक्स म्हणतात. मी त्यातून चार्टर्ड लीगल एक्झिक्युटिव्ह झाले. सॉलिसिटर नाही, पण वकीलच, आणि आमच्यातले लोक जजसुद्धा झालेत.

सुरुवात रिसेप्शनवर झाली. फोन घ्यायचे, पोस्ट उघडायची, फाइली लावायच्या. वर्षभराने घरांच्या खरेदी-विक्रीच्या टेबलावर, म्हणजे कन्व्हेयन्सिंगमध्ये घेतलं आणि तेव्हाच मी सायलेक्सच्या पहिल्या पायरीला, लेव्हल थ्रीला, नाव घातलं. संध्याकाळचा क्लास आठवड्यातून एकदा, बाकी अभ्यास मुलगा झोपल्यावर किचनच्या टेबलावर. लेव्हल थ्री बारावीच्या बरोबरीची, त्यानंतरची लेव्हल सिक्स डिग्रीच्या बरोबरीची, आणि ती खरंच तेवढी अवघड आहे, एका पेपरला मी दोनदा बसले.

पण मला हा रस्ता का आवडतो ते एका गुरुवारमुळे कळलं. शुक्रवारी एका घराचं कम्प्लिशन होतं, म्हणजे पैसे आणि चाव्या हातात द्यायचा दिवस, घर विकणारे आमचे क्लायंट नवराबायको, दोघांच्या नावावर घर, आणि त्यांनी सही केलेला ट्रान्सफर डीड, म्हणजे मालकी बदलण्याचा दस्त, आम्ही टीआर-वन म्हणतो तो, दुपारच्या पोस्टाने आला. मी नेहमीसारखी सह्या आहेत का बघून फाइलला लावणार होते. मग दिसलं की नवऱ्याच्या सहीखाली साक्षीदार म्हणून बायकोची सही आहे आणि बायकोच्या सहीखाली नवऱ्याची. क्लासमध्ये आदल्याच आठवड्यात झालं होतं, डीडवरची सही साक्षीदारासमोर करावी लागते, मालमत्तेबद्दलच्या १९८९ च्या कायद्याचं पहिलंच कलम, आणि जो स्वतः त्या डीडमध्ये पार्टी आहे तो त्याचा साक्षीदार होऊ शकत नाही. मी पळत सॉलिसिटर बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद बघितला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, फोन तूच कर. शेजारच्या आजींना साक्षीदार करून रात्री आठ वाजता नवीन कागद दारात आणून दिला त्या दोघांनी. दुसऱ्या दिवशी त्यांना पैसे मिळाले, चाव्या दिल्या गेल्या. पुस्तकातली ती ओळ मी आता जन्मात विसरणार नाही. हे फक्त वर्गात बसून शिकले असते तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं, आणि नुसतं कामच केलं असतं तर तो कागद मी सरळ फाइलला लावला असता.

म्हणून कोणीही विचारलं की मी आधी हेच सांगते, कोर्सची फी भरायच्या आधी ऑफिसात पाय टाका. कुठलंही काम चालेल, टायपिंग, पोस्ट, काहीही. कारण परीक्षा सगळ्यांना देता येतात, अडतं ते अनुभवावर. फेलो, म्हणजे सायलेक्सची पूर्ण सदस्य, व्हायला क्वालिफाइंग एम्प्लॉयमेंट लागतं, म्हणजे कायद्याचंच काम, देखरेखीखाली, किमान तीन वर्षं, आणि वरच्या माणसाने ते लिहून द्यावं लागतं. माझ्या आधीच्या एका ऑफिसने मला काम सगळं दिलं पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाले तू तर अ‍ॅडमिन आहेस. दीड वर्ष गेलं माझं त्यात. अजून आठवलं की त्रास होतो, कारण त्या दीड वर्षात मी जे ड्राफ्टिंग केलं ते अ‍ॅडमिनचं अजिबात नव्हतं.

आता पद्धत बदललीये. २०२१ पासून फाउंडेशन, अ‍ॅडव्हान्स्ड आणि प्रोफेशनल असे तीन टप्पे आहेत, पहिला झाला की पॅरालीगल, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायद्याचं काम करणारी, दुसरा झाला की अ‍ॅडव्हान्स्ड पॅरालीगल, तिसरा आणि अनुभव दोन्ही पूर्ण झालं की सायलेक्स लॉयर. मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी राहतं, बाळंतपण, आजारपण, घरचे प्रश्न असलेल्या बायकांसाठी हे फार मोठं आहे. ज्यांना सॉलिसिटरच व्हायचंय त्यांच्यासाठी अप्रेंटिसशिप, म्हणजे नोकरी करता करता शिकायची योजना, आहे, पगार मिळतो आणि शिकण्याची फी आपल्याला भरावी लागत नाही, पण जानेवारी २०२६ पासून इंग्लंडमध्ये त्याचा सरकारी पैसा मुख्यतः २१ वर्षांपर्यंत सुरू करणाऱ्यांनाच मिळतो, त्यामुळे घरात अठरा-एकोणीसचं कोणी असेल तर त्यांनी वेळ घालवू नये.

मला एकूण आठ वर्षं लागली. काकूंची भाची म्हणाली, बापरे आठ. मी म्हटलं, अगं त्या आठही वर्षांचा पगार मिळालाय मला, आणि शेवटच्या परीक्षांची फी ऑफिसने भरली. तिला मी सीव्ही पाठवायला सांगितलाय, आणि इंटरव्ह्यूला गेलीस की एक प्रश्न तू विचार म्हटलं: माझं कायद्याचं काम तुम्ही लिहून, सही करून द्याल का? पहिला इंटरव्ह्यू येत्या मंगळवारी आहे तिचा.