आमची वाटचाल : टनामागे अडीच किलो

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये अर्ध्या टनाचा जुना रिबन मिक्सर बसवला, तिथून आमच्या ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांच्या खाद्याची सुरुवात झाली. मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीनची पेंड) सगळेच वापरतात. खरा कस मेथिओनिनचा, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एकाचा. मका-सोयाच्या खाद्यात आधी तेच कमी पडतं, मग लायसिन, मग थ्रिओनिन ही दुसरी अमिनो आम्लं. टनाला मेथिओनिन साधारण दोन-अडीच किलो लागतं. तेवढीशी पूड थेट मिक्सरमध्ये ओतली तर एका पोत्यात जास्त, दुसऱ्यात नाहीच. म्हणून आधी 25 किलो मक्याच्या भरड्यात कालवायची. हे काम मी आजही दुसऱ्यावर सोडत नाही. ग्रॅम दाखवणारा काटा त्यासाठीच घेतला.

एका उन्हाळ्यात धंदा बसायची वेळ आली. एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात दहा बॅगा मेथिओनिन उचललं. महिन्याभरात आमचं खाद्य नेणारे मोहोळचे अण्णा पाटीत एक पक्षी घालून आले. पाठ उघडी, पिसं विरळ.

"अरे, एकमेकांची पिसं उपटून खातायत. काय कमी टाकलंस?"

पिसांना सिस्टिन हे अमिनो आम्ल लागतं, ते शरीर मेथिओनिनपासून बनवतं. मी बॅगेतली चिमूटभर पूड ग्लासभर कोमट पाण्यात ढवळली. चांगला माल विरघळतो. इथे तळाशी पांढरा गाळ राहिला. त्यावर लिंबू पिळलं तर फेस आला. चुनखडी!

पंधरा दिवसांत अकरा शेतकरी तुटले. दुसऱ्या एका खाद्यवाल्याने शेडोशेड फिरून सांगितलं, यांच्या खाद्यात भुसा असतो. मी फसलो हे खरं, पण भुसा आयुष्यात घातलेला नाही. ते बोलणं अजून लागतं.

अण्णांनी पुढच्या बॅचचं खाद्यही आमच्याकडूनच नेलं. अट एकच, मेथिओनिनचा प्रत्येक लॉट त्यांच्यासमोर पाण्यात टाकून दाखवायचा.

पुढची वर्षं बरी गेली. आता मिक्सर एक टनाचा आहे.

नव्यांना सांगतो, मेथिओनिन महाग वाटलं म्हणून नुसता सोया वाढवू नका. जादा प्रथिनांतलं नत्र विष्ठेतून बाहेर पडतं, पक्ष्यांखाली अंथरलेलं तूस ओलं होतं, शेडमध्ये अमोनियाने डोळे चुरचुरतात. आपल्याकडच्या मे महिन्यात पक्षी खातोच कमी, त्यामुळे किलोमागे अमिनो आम्लं थोडी वाढवा, प्रथिनं नकोत.

ग्लास आणि लिंबू आजही काट्याशेजारी असतात. अण्णा थकलेत, आता त्यांचा मुलगा येऊन बघून जातो. त्या दहा बॅगांचे पैसे मात्र व्यापाऱ्याने आजवर परत केलेले नाहीत.