रिअॅक्टमधे चालू स्क्रीनवर हिशेबाची पद्धत बदलायला गेलो, तीन दिवस गेले

चोपड्याच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम करतोय, जळगावात घरी बसून. स्क्रीन एकच, माल खरेदीची नोंद, रिअॅक्टमधे (वेबच्या स्क्रीन बनवायची जावास्क्रिप्ट लायब्ररी). लोकल माल क्विंटलवर, एक्स्पोर्टचा पेटीवर. शेठचं म्हणणं एवढंच की गाडी काट्यावर उभी असताना मुनीमने वरचा ड्रॉपडाऊन फिरवला की खाली हिशेब तिथल्या तिथे बदलला पाहिजे आणि आधी भरलेलं काही पुसलं जायला नको. मी म्हटलं शेठ, एका दिवसात देतो. चार लागले, त्यातले तीन एकाच ओळीवर.

पहिला प्रयत्न सांगायच्या लायकीचा नाही, इफ लावून आत वेगवेगळे हुक (रिअॅक्टच्या सोयी वापरायची खास फंक्शनं) बोलावले आणि लगेच लाल एरर (हुक इफच्या आत बोलवायचे नाहीत, रिअॅक्ट १६.८ मधे, २०१९ ला हुक आले तेव्हापासूनचा नियम आहे हा, माहीत असून केलं). मग दोन वेगळे कंपोनंट (स्क्रीनचे सुटे तुकडे) करून आलटून पालटून दाखवले. पण त्याच जागी दुसऱ्या प्रकारचा कंपोनंट आला की रिअॅक्ट जुना त्याच्या 'स्टेट'सह (आत साठवलेल्या माहितीसह) उपटून फेकतो. एमएच १९ पासून टाकलेला गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, सगळं साफ. स्टेट दोन्हींच्या वरच्या पॅरेंट कंपोनंटमधे नेलं असतं तर भागलं असतं, पण मला वाटलं कंपोनंट कशाला बदला, नुसतं हिशेबाचं फंक्शनच स्टेटमधे ठेवू आणि तेच बदलू. इथे फसलो.

सुरुवातीला स्टेट नल (रिकामं), आणि वापरताना दोन उभ्या रेघांचा ऑर लावलेला, म्हणजे स्टेट रिकामं असेल तर क्विंटलवालं फंक्शन घे. ड्रॉपडाऊन बदलला की सेटरमधे (स्टेट बदलायचं फंक्शन) पेटीवालं फंक्शन टाकायचं. चालवलं. एरर नाही, काही नाही. ड्रॉपडाऊनवर दिसतंय पेटी, ५०० पेट्या, भाव ३०० टाकला, आणि रक्कम १५००. यायला पाहिजे दीड लाख. शेठला घाईत डेमो दाखवून बसलो होतो ना, फोनवर एकच वाक्य, "दीड लाखना दीड हजार कसा व्हयनात भाऊ?"

शंभरने भाग जातोय म्हणजे अजून क्विंटलचाच हिशेब चालू आहे एवढं कळलं. मग दीड दिवस ड्रॉपडाऊनच्या मागे लागलो, मेमो (जुनं उत्तर धरून ठेवायची सोय) काढलं, कंपोनंटला 'key' (ओळखखूण) लावली, नोड मॉड्यूल्स (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्या) उडवून परत टाकले, त्यात मे महिन्यातलं जळगाव आणि दुपारी लाईट गेलेली, डोकं नुसतं तापलेलं. शेवटी पेटीवाल्या फंक्शनच्या आतच लॉग (चाललं की छापून दाखवणारी ओळ) टाकला तर बघतो काय, ड्रॉपडाऊन बदलला की ते आपोआप चालतंय, मी कुठे बोलावलंच नाही, आणि वर दोन दोनदा. पेट्यांच्या जागी नल, भावाच्या जागी अनडिफाइंड (काही दिलेलंच नाही).

झालं असं होतं की सेटरला फंक्शन दिलं की रिअॅक्ट ते साठवत नाही, त्याला वाटतं हे जुन्या किमतीवरून नवी काढायचं फंक्शन आहे, म्हणून जुनी किंमत हातात देऊन लगेच चालवतो (दोनदा का, तर डेव्हलपमेंटमधे स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुका पकडायची सेटिंग, मुद्दाम दोनदा चालवतो). नल गुणिले अनडिफाइंड म्हणजे नॅन ('ही संख्याच नाही'), तेच स्टेटमधे जाऊन बसलं. आणि नॅन फॉल्सी असतो, म्हणजे ऑरला तो रिकाम्यासारखाच, त्यामुळे माझ्या त्या ऑरने गपचूप परत क्विंटलवालं उचललं! ऑरच्या जागी दोन प्रश्नचिन्हं (ती फक्त नल किंवा अनडिफाइंडलाच रिकामं धरतात) लिहिली असती तर नॅन पुढे गेला असता आणि 'फंक्शन नाही' म्हणून स्क्रीन तिथेच आपटली असती, तीन दिवस वाचले असते. आणि हे रिअॅक्टच्या डॉक्युमेंटेशनमधे युजस्टेटच्या (स्टेट ठेवायचा हुक) पानावर तळाला ट्रबलशूटिंगमधे सरळ लिहिलेलं आहे. तिथपर्यंत कोण जातं.

उपाय चार अक्षरांचा, सेटरमधे फंक्शनच्या आधी रिकामा कंस आणि बाण, म्हणजे फंक्शन परत देणारं फंक्शन. युजस्टेटला सुरुवातीची किंमत म्हणून फंक्शन देणार असाल तर तिथेही तसंच, नाहीतर तेही पहिल्या रेंडरलाच (स्क्रीन पहिल्यांदा काढतानाच) चालवून मोकळा होतो.

पण मी ते ठेवलं नाही. आता स्टेटमधे नुसतं नाव असतं, 'पेटी' नाहीतर 'क्विंटल', आणि कंपोनंटच्या बाहेर एक ऑब्जेक्ट, नावावरून फंक्शन काढायचं. मुनीमची शेवटची निवड ब्राउजरमधे सेव्ह करायची होती, तिथे नाव जातं, फंक्शन जेसनमधे (सेव्ह करायच्या मजकुराचा फॉरमॅट) जातच नाही. नंतर शेठने तिसरी पद्धत मागितली, ऑब्जेक्टमधे एक ओळ वाढवली, पाच मिनिटं. त्याचं बिल मात्र पूर्ण लावलं.

हां, एक राहिलं. दोन कंपोनंटवाल्या प्रयत्नात मी एक कंपोनंट दुसऱ्याच्या आतच लिहिला होता. तसं करू नका, दर रेंडरला तो रिअॅक्टला नवीनच वाटतो, मुनीम एक अक्षर टाइप करायचा की कर्सर गायब, परत क्लिक, परत एक अक्षर. त्याने अख्खं 'पाटील' असं टाकलं बिचाऱ्याने, मला न सांगता.