ताप उतरला त्या दिवशी

मी इंदूरला रामबागेजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑक्टोबरात आमच्याकडे एकच प्रश्न ऐकू येतो: प्लेटलेट किती?

त्या सकाळी ओळखीच्या काकू मुलाला घेऊन आल्या. सोळा वर्षांचा, डेंगीचा पाचवा दिवस. "ताप रात्रीच उतरला गं. प्लेटलेट तेवढे बघ." मुलगा पोट दाबून बाकावर बसला होता, पहाटे दोनदा उलटी झालेली. रक्त घ्यायला हात धरला तर बर्फासारखा गार.

प्लेटलेट ३८,००० निघाले. आदल्या दिवशी ६२,००० होते. काकू त्या आकड्यानेच घाबरल्या. मी मात्र पीसीव्हीपाशी, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के त्या आकड्यापाशी, थांबले. काल ४१, आज ५०. लाल पेशी एका रात्रीत इतक्या वाढत नाहीत. पेशी तेवढ्याच होत्या, रक्तातलं पाणी गेलं होतं. खात्रीसाठी बारीक काचनळीत रक्त भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. पुन्हा ५०.

डेंगीत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. विषाणू ओसरत असतो, पण त्याच्याशी लढायला उसळलेली प्रतिकारशक्ती शांत झालेली नसते. तिच्या माऱ्यात केशवाहिन्यांचं अस्तर सैल पडतं आणि प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पोटात, फुफ्फुसांभोवती झिरपतो. मी विचारलं, "याला आधी कधी डेंगी झाला होता?" "हो, दोन वर्षांपूर्वी."

माझ्या पोटात गोळा आला. डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. दुसऱ्यांदा वेगळा प्रकार आला, तर पहिल्या वेळची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट त्यांनाच धरून तो पांढऱ्या पेशींत सहज शिरतो. इतकी वर्षं हे काम करते आहे, तरी हे कुणा आईला समजावताना माझा आवाज अडखळतो.

रिपोर्ट छापायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन केला. बीपी १००/८२ निघालं. वरच्या-खालच्या आकड्यांत २० चंही अंतर नाही, म्हणजे शॉकची, रक्ताभिसरण कोलमडण्याची, सुरुवात. लगेच सलाईन लागलं. काकू प्लेटलेट चढवा म्हणून रडत होत्या. डॉक्टर म्हणाले, कुठून रक्त जात नाहीये, याला आत्ता पाणी हवंय.

दिवसभर नमुने येत राहिले. पीसीव्ही ५०, ४७, ४४. दुसऱ्या रात्री ४१ आला, तेव्हा सलाईन आवरतं घेतलं. झिरपलेलं पाणी आता आपणहून रक्तात परततं. वरून आणखी दिलं तर फुफ्फुसांत साठतं. प्लेटलेट तेव्हाही ३०,००० च होते.

पुढे दोन दिवसांनी काकू धावत आल्या. "अगं, पाय लालेलाल झालेत, मध्ये पांढरे ठिपके, नुसता खाजवतोय! आणि पोहे-जिलेबी मागतोय." मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, "काकू, हे बरं होतानाचं पुरळ आहे."